जीन ड्राइव्हयुक्त डास: पर्यावरणीय व आर्थिक पैलू

जीन ड्राइव्ह हे एखादे जनुक आनुवंशिकतेच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा अधिक संततीत पोहोचवणारे जैवतंत्रज्ञान आहे. एरवी जनुकाची विशिष्ट प्रत संततीकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते; जीन ड्राइव्हमध्ये ती १०० टक्क्यांच्या जवळ जाते. त्यामुळे थोडेच जीव निसर्गात सोडले, तरी बदल पुढील पिढ्यांत दूरवर पसरू शकतो. आफ्रिकेत हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस गॅम्बी हा डास या संशोधनाचे प्रमुख लक्ष्य आहे.

पार्श्वभूमी

इम्पिरियल कॉलेज लंडनमधील ऑस्टिन बर्ट यांनी २००३ मध्ये अशा तंत्राची रूपरेषा मांडली. २०१८ मध्ये त्याच संस्थेतील आंद्रेआ क्रिसान्ती यांच्या गटाने क्रिस्पर तंत्राने डबलसेक्स या जनुकात बदल केला. बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या माद्या वांझ ठरल्या व पिंजऱ्यांतील डास ७ ते ११ पिढ्यांत नष्ट झाले. २०१९ मध्ये बुर्किना फासोतील बाना गावात जनुकीय बदल केलेले वांझ नर डास सोडण्यात आले. मात्र त्यांत जीन ड्राइव्ह नव्हता.

पर्यावरणीय पैलू

डास घटल्यास त्यांवर जगणाऱ्या भक्षकांवर काय परिणाम होईल आणि रिकाम्या जागी दुसरी रोगवाहक जात येईल का, हे मुख्य प्रश्न आहेत. संकरामुळे बदललेले जनुक जवळच्या जातींत जाऊ शकते. उत्परिवर्तनामुळे डासांत प्रतिरोधही निर्माण होऊ शकतो. एकदा पसरलेला बदल मागे घेणे अवघड असते.

आर्थिक पैलू

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापाने सुमारे ५,९७,००० मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के आफ्रिका विभागातील होते. मच्छरदाण्या व कीटकनाशक फवारणी यांवर वारंवार खर्च करावा लागतो. जीन ड्राइव्ह आपोआप पसरत असल्याने हा आवर्ती खर्च घटू शकतो. तथापि संशोधन, चाचण्या व देखरेखीचा खर्च राहतोच. इतर उपाय थांबवल्यानंतर प्रतिरोध निर्माण झाल्यास रोग पुन्हा उफाळू शकतो. डास देशांच्या सीमा ओलांडत असल्याने एका देशाच्या निर्णयाचे परिणाम शेजारी देशांवर होतात. हानी झाल्यास भरपाई कोणी द्यावी, हा वादाचा मुद्दा आहे.

नियमन

जैवविविधता करारातील सदस्य देशांनी २०१८ मध्ये शर्म अल-शेख येथे सावधगिरीचे तत्त्व स्वीकारले. जीव सोडण्यापूर्वी प्रत्येक प्रकरणाचे जोखीम मूल्यांकन करावे आणि स्थानिक समुदायांची पूर्वसंमती योग्य तेथे घ्यावी, असे त्या निर्णयात म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बुर्किना फासोच्या सरकारने टार्गेट मलेरिया या प्रकल्पाचे देशातील काम थांबवले.