डॉक्टरने मर्यादा ओलांडली तर? पोलीस, कौन्सिल आणि रुग्णाचा हक्क

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. विषय जरा अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. तपासणीच्या नावाखाली डॉक्टरने नको तिथे हात लावला, किंवा रुग्णाचा फोटो, रिपोर्ट परस्पर कुणाला पाठवला, तर दाद कुठे मागायची?

बहुतेकांचं उत्तर असतं, पोलिसांत. बरोबरच आहे. पण तो एक रस्ता झाला. कोर्ट बघतं, गुन्हा घडला का. दुसरा प्रश्न वेगळाच आहे: या माणसाने यापुढे रुग्ण तपासावेत का? तो प्रश्न मेडिकल कौन्सिलचा. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. दोन्ही तक्रारी एकाच वेळी करता येतात.

नियम काय म्हणतो?

डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम 2002 सालचे आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले.

त्यातला नियम 7.4 बघा. व्यवसायाने मिळालेल्या स्थानाचा गैरफायदा घेऊन रुग्णाशी अनुचित वर्तन केलं किंवा अनुचित संबंध ठेवले, तर शिस्तभंगाची कारवाई होते. आता गंमत अशी, की या नियमात रुग्णाच्या संमतीचा उल्लेखच नाही. ‘तिची हरकत नव्हती’ एवढं म्हणून डॉक्टर सुटत नाही. कारण साधं आहे. विश्वासाने अंगावरचा कपडा बाजूला करणारा रुग्ण आणि डॉक्टर, हे बरोबरीचं नातं नसतंच.

नियम 7.14 गोपनीयतेचा. उपचार करताना कळलेली गोष्ट बाहेर सांगायची नाही. अपवाद तीनच: कोर्टाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार. 7.17 नुसार ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापता येत नाही.

कौन्सिल काय करू शकते?

चौकशीत दोन्ही बाजू ऐकल्या जातात. दोष सिद्ध झाला तर डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळ किंवा कायमचं काढता येतं. चौकशी चालू असतानाही, ज्या प्रक्रियेबद्दल तक्रार आहे ती करायला मनाई करता येते. निर्णय 6 महिन्यांत व्हावा, असं नियमच सांगतो.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. निकाल पटला नाही तर 2002 च्या नियमांत कुणालाही 60 दिवसांत वर अपील करता येतं. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात, कलम 30 मध्ये, अपिलाचा हक्क देताना फक्त डॉक्टरचं नाव घेतलंय. त्यावर बोट ठेवून रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली आहेत. मग उरतं हायकोर्ट. म्हणून पहिली तक्रारच भक्कम हवी.

तक्रार करताना

- तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा.
- केसपेपर मागा. लेखी मागणीनंतर 72 तासांत ते देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.
- मेसेज, कॉलची नोंद पुसू नका.
- कौन्सिल योग्य आहे ना, बघा. ही कौन्सिल एमबीबीएस आणि त्यापुढच्या ॲलोपॅथी डॉक्टरांची. डेंटिस्ट, नर्स, आयुर्वेद, होमिओपॅथी, प्रत्येकाची वेगळी.

आणि तपासणीआधीच एक हक्क वापरा. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असेल तर दुसरी स्त्री सोबत हवी, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. ‘सिस्टरना आत बोलवा’ म्हणायला संकोच नको. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही, उलट त्यालाही ते सोयीचंच असतं.

हा भाग आईला, बहिणीला, मैत्रिणीला जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!