झाडीपट्टीतील स्वतंत्र संगीतकार आणि समाजमाध्यमांवरील आशयाचे नियोजन

प्रस्तावना : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा धान पिकविणारा भाग झाडीपट्टीत मोडतो. येथील रंगभूमीचे केंद्र वडसा (देसाईगंज) होय. रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीमुळे या रंगभूमीची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. तथापि, नाटकात गाणारे-वाजविणारे कलावंत हंगामी मिळकतीवर अवलंबून असतात. त्यांना स्वतःच्या नावाने श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यास समाजमाध्यमे कितपत उपयुक्त ठरतील, याचा विचार येथे केला आहे.

१) हंगामानुसार वेळापत्रक : दररोज काहीतरी प्रसारित करावे, हा सर्वसाधारण सल्ला रात्री प्रयोग आणि दिवसा प्रवास करणाऱ्या कलावंतास पेलणारा नाही. हंगामात संकलन व पावसाळ्यात प्रसारण, अशी विभागणी अधिक व्यवहार्य होय. एकाच गीतापासून तालमीची लहान चित्रफीत, झाडीबोलीतील एखाद्या शब्दाचे स्पष्टीकरण, वाद्यमेळाची ओळख आणि शेवटी संपूर्ण गीत, असा महिनाभराचा आशय सिद्ध होऊ शकतो.

२) प्रसारणाची मर्यादा : नाटक तिकीट काढून पाहिले जाते. त्यामुळे चालू प्रयोगातील गीत हंगाम संपेपर्यंत पूर्ण स्वरूपात देऊ नये; मुखडा पुरेसा आहे. यूट्यूबवरील जाहिरात-उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींची १ कोटी दर्शने आवश्यक असतात. नवोदितास ही अट कठीण आहे. म्हणून प्रारंभी जाहिरातीपेक्षा कार्यक्रमाची मागणी मिळविणे हे उद्दिष्ट असावे. पुढील हंगामाची नाटके ठरविणाऱ्या गावोगावच्या मंडळांना कलावंताचे नाव, गायनाचा नमुना व मोकळ्या तारखा एकाच ठिकाणी दिसल्या पाहिजेत.

३) हक्क व संमती : प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क समाविष्ट झाले. त्यानुसार कलावंताच्या संमतीवाचून प्रयोगाचे मुद्रण करणे, काही अपवाद वगळता, उल्लंघन ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्ता म्हणून नामनिर्देशाचा हक्कही दिला. हीच जबाबदारी कलावंतावरही येते. गीतकार, संगीतकार, नाट्यसंस्था व सहवादक यांची लेखी संमती आधी घ्यावी. गोंड-माडिया समाजातील रेला गीते प्रसारित करताना गाणाऱ्यांची अनुमती घेऊन गाव व प्रसंग नमूद करावा. परंपरागत गीत कोणा एकाच्या मालकीचे नसले, तरी ते बेवारस नसते.

निष्कर्ष : आशयनियोजन म्हणजे केवळ प्रसिद्धीचे तंत्र नव्हे, त्यात कलावंताचे नाव, मोबदला व हक्क यांचे रक्षणही अंतर्भूत आहे. गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील मराठी व वाणिज्य विभागांनी पावसाळ्यात गीतांची नोंदणी, संमतिपत्रांचे नमुने आणि वार्षिक वेळापत्रक यांविषयी कार्यशाळा घेतल्यास हे काम कलावंतांच्या आवाक्यात येईल. दिवाळीनंतर प्रयोग सुरू झाल्यावर मात्र त्यासाठी त्यांना सवड उरत नाही.