भाजी व्यापाऱ्यांनो, हरितगृहाचा हिशेब आधी मांडा

लाल-पिवळ्या ढोबळी मिरचीची पेटी हिरवीपेक्षा चढ्या भावाने जाताना आपले बागवान बंधू मंडईत रोज पाहतात. साहजिकच कित्येकांच्या मनात येते की, माल विकतोच आहोत, तर तो आपणच का पिकवू नये? विचार वाईट नाही. परंतु गाळ्यावरचा अनुभव हरितगृहात, म्हणजे पॉलिहाऊसमध्ये, निम्माच उपयोगी पडतो.

सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही आणि भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. घरात वडिलोपार्जित शेती असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर एखाद्या शेतकऱ्याशी रीतसर लेखी भागीदारी करावी व कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत. तोंडी व्यवहारात पैसा आपला आणि सांगाडा दुसऱ्याच्या रानात, अशी गत होते. सरकारी अनुदान मिळते, पण आधी पूर्वसंमती घ्यावी लागते व रक्कम बांधकाम झाल्यावर हाती येते. तोवरचे भांडवल आपलेच.

आता पिकाचे. बहुतेकजण पहिल्याच वर्षी रंगीत मिरची लावतात. दहा गुंठ्यांत अडीच ते तीन हजार रोपे बसतात. प्रत्येक रोपाच्या दोन फांद्या राखून सुतळीवर चढवाव्या लागतात, आणि फळाला रंग चढेपर्यंत लागणीनंतर जवळजवळ तीन महिने जातात. तेवढे दिवस फक्त खर्च. आमच्या मते नवख्याने काकडीने सुरुवात करावी. दीड महिन्यात तोडा सुरू होतो; चुकलो तर तेही लवकर कळते. मात्र बियाणे घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे. हरितगृहाच्या जाळीमुळे मधमाशी आत येत नाही, म्हणून परागीभवनाशिवाय फळ धरणारीच जात लागते. बाहेरच्या रानातले बियाणे आत लावले तर वेल वाढतो, फुलतो, आणि कोवळी काकडी पिवळी पडून गळते.

थंड देशांत हरितगृह ऊब राखण्यासाठी बांधतात. आपल्याकडे त्रास उलट आहे. पारा पस्तिशीच्या वर गेला की मिरचीची फुले झडतात. त्यामुळे बाजूचे पडदे उघडणे, वर सावलीची जाळी ओढणे ही कामे दुपारच्या झोपेच्या वेळी येतात. नोकरावर टाकून हा धंदा होत नाही.

त्याच मातीत तेच पीक पुन्हा पुन्हा घेतले की सूत्रकृमी माजतात. मुळांवर गाठी येतात व झाड दुपारी मान टाकते. पीक निघाल्यावर उन्हाळ्यात माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली तापवावी आणि निंबोळी पेंड द्यावी.

आपल्या वेल्डिंगवाल्या कारागिरांनाही येथे काम आहे. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांचा असतो. तो वेल्डिंग करून जोडला की जोडाशी मुलामा जळतो आणि ओलाव्याने तिथूनच गंज धरतो. म्हणून नट-बोल्ट व क्लॅम्पने जोडणी करायला शिकावे. पायाही पक्का हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळ-जुन्नरकडील पॉलिहाऊसचे कागद फाटले, सांगाडे वाकले. विम्याचा हप्ता खर्चात धरलाच पाहिजे.

विक्रीत तरी बागवान सरस, असे वाटेल. पण रंगीत मिरचीचे मोठे गिऱ्हाईक हॉटेल आणि लग्नाचे जेवण. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही बंद पडली, तेव्हा झाडावर पिकलेल्या मालाला विचारणारे कोणी उरले नाही. काकडी, टोमॅटो घरोघरी लागतात.

तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहाचे प्रशिक्षण मिळते. पाइपांची ऑर्डर देण्याआधी तेथे जाऊन यावे.