नकाशा आणि मनाई-हुकूम : मुंबई परिसरातील ड्रोनविषयक नियमांची भाषा

मुंबई, ठाणे व नवी मुंबई ही शहरे व्यवहारतः एकच वस्ती बनली असली, तरी त्यांची पोलीस आयुक्तालये वेगळी आहेत. मुलुंडचा रहिवासी नाका ओलांडून ठाण्यात गेला अथवा पुलावरून ऐरोलीस उतरला, की आकाश तेच राहते; हुकूम काढणारा अधिकारी मात्र बदलतो. हौसेखातर ड्रोन उडविणाऱ्यास या बदलाची झळ कशी पोचते, हे समजून घेण्यास नियमांची कठोरता मोजून भागत नाही. त्यांची शब्दयोजनाच तपासावी लागते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांचे शीर्षक लौकिक शब्दात आहे. आतील मजकूर मात्र मुख्यतः ‘मानवरहित विमान प्रणाली’ या पारिभाषिक संज्ञेवर चालतो. ही संज्ञा व्याख्येने बांधलेली असून तिचे पोटभेद वजनावर आधारलेले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे यान ‘नॅनो’ होय. ते चालविणाऱ्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. आकाशाची वाटणीही अशीच मापांनी केलेली आहे. हिरव्या विभागात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत मुभा असते. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी आवश्यक ठरते. येथे ‘कार्यरत’ हे विशेषण फार मोठे काम करते. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी वाहतूक सुरू झाली, आणि नियमातील एक अक्षरही न बदलता उलव्यासारखी लगतची वस्ती या निर्बंधाखाली आली.

पोलिसी मनाई-हुकमाची घडण याहून सर्वस्वी निराळी आहे. तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. तत्पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे. मुंबईच्या अशा हुकमांत व्याख्या नसते, यादी असते : ड्रोन, दूरनियंत्रित मायक्रोलाइट विमान, पॅराग्लायडर, पॅरामोटर, उष्ण हवेचा फुगा इत्यादी. यांपैकी काहींत माणूस बसतो, काहींत बसत नाही. (मायक्रोलाइट हे एरवी माणूस वाहून नेणारे विमान, त्याला ‘दूरनियंत्रित’ हे विशेषण जोडणे जरा चमत्कारिकच आहे.) या वस्तूंना एकत्र आणणारे सूत्र रचनेचे नसून त्यांच्याकडून संभवणाऱ्या घातपाताचे आहे. साहजिकच वजनाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि नियमांनी सौम्यपणे वागविलेले नॅनो यानही ‘ड्रोन’ या एका शब्दाने मनाईत सापडते.

खरा पेच मुदतीचा आहे. तातडीची गरज भासल्यास पोलिसांना तात्पुरता तांबडा विभाग जाहीर करण्याची सोय ड्रोन नियमांतच आहे. पण तो एका वेळी ९६ तासांपेक्षा अधिक टिकत नाही, शक्य तितका लहान ठेवावा लागतो आणि शासकीय संगणकीय नकाशावर दाखवावा लागतो. कलम १६३ खालील हुकूम दोन महिन्यांपर्यंत चालतो, संपूर्ण आयुक्तालयास लागू करता येतो, आणि मुदत संपताच नवा काढण्याचा प्रघात आहे. अधिकाऱ्यांना दुसरा मार्ग सोयीचा वाटावा यात नवल नाही. परंतु प्रत्येक आयुक्त आपापल्या वेळी हुकूम काढत असल्याने एका शहरात मनाई चालू असता शेजारच्या शहरात ती उठलेली असू शकते. या शहरांची तुलना कोष्टकात मांडू जाता ते कोष्टक काही आठवड्यांतच शिळे होते.

हुकूमभंगास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जीवितास धोका उत्पन्न झाल्यास शिक्षा याहून अधिक आहे. आणि हा हुकूम प्रसिद्ध होतो तो बहुधा पोलीस ठाण्याच्या फलकावर व वृत्तपत्रांतून. ड्रोनधारक मात्र हातातील यंत्रावर नकाशा पाहत असतो, आणि तेथे ती जागा हिरवीच दिसत असते.