बियाण्याचा टॅग पाहता, मग ब्रेकपॅडचा का नको?

शेतकरी बंधूंनो, आता वस्तीवस्तीवर चारचाकी आली आहे. सकाळी तिच्यातून पोरं शाळेला जातात, दुपारी म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असतं आणि बाजाराच्या दिवशी त्याच गाडीच्या डिकीत कांद्याच्या गोण्या चढतात. गाडी घेताना आपण ॲव्हरेज विचारतो, टायर दाबून बघतो. ब्रेकपॅड मात्र मिस्त्री बसवील ते. मीही तेच करत होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मागं दोन माणसं, डिकीत डाळिंबाचे चार क्रेट, आणि मी करंजी घाट उतरत होतो. चार-पाच वळणं झाली असतील. पेडल दगडासारखं घट्ट लागतंय, पण गाडी काही थांबेना. पुढं उसाची ट्रॉली. गिअर उतरवत, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. पॅड पंधरा दिवसांपूर्वीच नवे बसवलेले! दुकानाचं नाव सांगत नाही, कारण ‘स्वस्तातलं दे’ हे मीच म्हटलं होतं.

हे का झालं ते समजून घ्या. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. माणसं-मालासह १,२०० किलोची गाडी २०० मीटर उंची उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर तयार होणारी उष्णता साधारण ७ लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ती पुढच्या दोन चाकांच्या तळहाताएवढ्या पॅडवर जास्त पडते. पॅडमधला माल राळेनं बांधलेला असतो. हलकी राळ तापली की तिच्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये त्याचा थर बसतो आणि पॅड नुसता घसरतो. सपाट रस्त्यावर, गावातल्या गावात हाच पॅड छान चालतो. म्हणून फसगत लवकर कळत नाही. करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरी घाटात ती कळते.

पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर दोष बहुधा पॅडचा. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलं किंवा हवा शिरली असं समजा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावं. आणि डबा रिकामा दिसला म्हणून त्यात ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल ओतू नका. त्यानं आतले रबर फुगून सगळा ब्रेक निकामी होतो.

आता खरेदीचं. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीचा निळा टॅग आपण वाचतो, लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो. पॅडच्या बाबतीत तेच करा. गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. जमलं तर जुना पॅड बरोबर न्या, कारण एकाच नावाच्या गाडीला सालानुसार वेगळा पॅड लागू शकतो. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि बॅच नंबर हवा. बऱ्याच पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ईई, एफई, एफएफ अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई लिहिलं असेल तर तापल्यावर पकड ढिली होते, हे उघड आहे. पण म्हणून हट्टानं जीजी शोधू नका. पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो. कंपनीच्या मूळ पॅडवर जे होतं ते किंवा त्याच्या जवळचं घ्यावं. सिरॅमिक पॅड आवाज आणि भुकटी कमी करतो, पण महाग. धातूमिश्रित पॅड उष्णता चांगली सोसतो, पण आवाज करतो आणि डिस्क जास्त खातो. आपल्या रोजच्या गाडीला मूळ कंपनीचा किंवा तिला माल पुरवणाऱ्या नामांकित कंपनीचा साधा पॅड पुरतो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. पंचायतीच्या गाडीसाठी दरपत्रकं मागवता तेव्हा नुसतं ‘ब्रेकपॅड, एक जोडी’ लिहू नका. मॉडेल, मूळ पार्ट नंबर आणि ॲसबेस्टॉसविरहित माल, एवढं लिहिलं की मग कमी दर निवडायला हरकत नाही. नाहीतर सगळ्यात स्वस्त खोकंच पंचायतीत येतं. आपल्या नगरमध्येच वाहन संशोधन व विकास संस्था आहे, तिथं गाड्यांच्या चाचण्या होतात. नव्या मॉडेलला मान्यता देताना ब्रेक वारंवार दाबून, तापवून पुन्हा तपासतात. त्या परीक्षेत पास झालेल्या गाडीला आपण नंतर कसलाही पॅड लावला, तर ती परीक्षा वाया गेली.

पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरवर आलं की बदला, करकर ऐकू येईपर्यंत थांबू नका. एका चाकाचा बदलून भागत नाही, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तीही मोजायला सांगा. भुकटी हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. जुन्या स्वस्त मालात ॲसबेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात बसतं. ओल्या फडक्यानं पुसावी. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायला लावा. पुष्कळ जण हे विसरतात आणि गॅरेजच्या दारातच भिंतीला धडकतात.

आणि घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रल टाकणारे अजून दिसतात! इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पेडल जड होतं. वर इंजिनाचा रोध जातो तो वेगळाच. ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरावं.

नवे पॅड बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर ते डिस्कशी जुळायला लागतात. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून हळूहळू ब्रेक लावत दहा-बारा वेळा वेग कमी करा, मधे गार होऊ द्या. तोवर डाळिंबाचे क्रेट शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये जाऊ द्यात.