उसाच्या मुळाशी निकेल आणि लोखंड

जुलै-ऑगस्टमध्ये वाळवा, कराड भागात आडसाली उसाच्या लागणी होतात. या उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते सगळे युरियातून द्यायचे म्हटले, तर ४५ किलोची १९ हून जास्त पोती लागतील. यातले नत्र मूळचे हवेतले. पण ते पिकाच्या उपयोगी पडते नैसर्गिक वायूमुळे.

रायगड जिल्ह्यातल्या थळ इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स याच वायूपासून अमोनिया आणि पुढे युरिया तयार करते. वायूतला मुख्य घटक मिथेन. त्यात एका कार्बनला चार हायड्रोजन असे घट्ट जखडलेले, की तो सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही. म्हणून वायू आणि वाफ निकेलयुक्त गोळ्यांनी भरलेल्या नळ्यांतून, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला नेतात. निकेलच्या पृष्ठभागावर ते बंध सुटतात आणि हायड्रोजन मोकळा होतो. निकेल मात्र खर्ची पडत नाही. हेच उत्प्रेरकाचे काम.

पुढे हवेतला नायट्रोजन आणि हा हायड्रोजन यांची गाठ लोखंड घालून देते. बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांच्या चमूने हजारो मिश्रणे तपासली. निव्वळ लोखंड कमी पडत होते. थोडे अॅल्युमिना आणि पोटॅश मिसळल्यावर ते टिकाऊ झाले. त्याच्या बळावर १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

निकेलचा वैरी गंधक. त्याचा अंश जरी चिकटला, तरी निकेल निष्प्रभ होते. म्हणून वायू आधी झिंक ऑक्साइडच्या थरांतून गाळून घेतात.

मिथेनमधून हायड्रोजन मोकळा करण्यापेक्षा मिथेनपासून थेट मिथेनॉल करणे अवघड. तयार झालेले मिथेनॉल मिथेनपेक्षा लवकर जळते, त्यामुळे हाती येण्याआधीच त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. मिथेनवर जगणारे जिवाणू मात्र तांबे किंवा लोह असलेल्या विकरांच्या मदतीने हे काम साध्या तापमानाला करतात. संशोधक त्यांचाच कित्ता गिरवू पाहत आहेत.

या प्रयत्नांकडे सातारा-सांगलीने लक्ष ठेवायला हवे. इथल्या साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळून उरणाऱ्या गाळापासून, मिळू शकणाऱ्या बायोगॅसमध्येही मिथेनच असतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड आधी काढावा लागेल, कारण गंधकापुढे निकेलसारख्या उत्प्रेरकांचे काही चालत नाही. मग कमी तापमानाला, लहान प्रमाणावर चालणारा उत्प्रेरक हाती आला, तर तालुक्याच्या ठिकाणीही मिथेनॉल तयार करता येईल.