क्राउन-पिनियनचं गाऱ्हाणं

क्लच सोडला की मागून एक ‘खट्’ ऐकू येतं. काही दिवसांनी वेग घेताना घरघर सुरू होते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तिचा सूर बदलतो. साकीनाक्याचा किंवा कुर्ल्याचा जुना मेकॅनिक एवढ्यावरूनच सांगतो, ‘हाउसिंग खोलावं लागेल.’ हप्त्यावर पिकअप घेतलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो इथे. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही आणि भाजीचं किंवा फर्निचरचं भाडं दुसऱ्याच्या गाडीला जातं.

या गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. लांब शाफ्ट फिरत येऊन मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या फुगीर हाउसिंगमध्ये शिरतो. तिथे छोटं टेल पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं. फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग उतरतो, जोर वाढतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते आतल्या स्टार पिनियनमुळे जमतं. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वाफेच्या गाडीसाठी ही रचना नोंदवली. २००५ साली आलेला छोटा हत्ती काय किंवा बोलेरो पिकअप काय, आजही तिच्यावरच धावतात.

बहुतेक पिकअपमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या जरा खाली बसवतात. त्यामुळे दात एकमेकांवर दाबतात आणि घासतातही. ती घासण सोसायला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. इंजिनचं ऑइल मालक आठवणीने बदलतो, हाउसिंगचं मात्र वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. पिनियनचं सील झिरपतं, पातळी उतरते आणि कोरडे दात तापतात.

मुंबईत त्यात पावसाळ्याची भर. दिवसभर धावून तापलेलं हाउसिंग अंधेरी सबवेच्या तुंबलेल्या पाण्यात बुडालं की एकदम थंड होतं. आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा थकलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंगला गंज चढतो आणि बिघाड दिसतो तो पाऊस संपून गेल्यावर. म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीचं हे ऑइल त्याच आठवड्यात उघडून पाहावं, सर्व्हिसच्या तारखेची वाट पाहू नये. मातीत रुतलेल्या गाडीचं एकच चाक गरागरा फिरवत ठेवणंही तितकंच घातक. एरवी संथ फिरणारी स्टार पिनियन तेव्हा वेड्यासारखी फिरतात आणि आपल्याच पिनेवर भाजून चिकटतात.

ओव्हरलोडही खरा आहे. साडेसातशे किलो क्षमतेच्या गाडीवर दुप्पट वजनाच्या विटा चढलेल्या कुणीही घाटकोपर-मुलुंडकडे पाहाव्यात. पण वॉरंटीचा दावा आला की ‘ओव्हरलोड केलं असेल’ हे एकच उत्तर तोंडावर फेकणं मला अन्यायाचं वाटतं, कारण तुटलेला दात स्वतः साक्ष देतो. हळूहळू थकून तुटलेल्या दातावर किनाऱ्यावरच्या लाटांसारख्या रेषा दिसतात. एका झटक्यात तुटलेला दात खरखरीत, दाणेदार असतो. ऑइल कमी पडलं असेल तर पोलाद निळं-काळं पडलेलं असतं. म्हणून हाउसिंग मालकासमोर उघडावं, निघालेल्या ऑइलचे आणि दातांचे फोटो घ्यावेत आणि वाद मिटेपर्यंत जुने भाग मालकाने सोडू नयेत.

वाद वाढलाच तर मुंबई उपनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार आहे. ‘गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही’ असं सांगून पुष्कळांना परत पाठवलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळलेली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः ट्रक चालवणाऱ्या मालकाचंच उदाहरण दिलं होतं. एखाददुसरा मदतनीस ठेवल्याने त्याचा हक्क जात नाही.

दुरुस्ती करायचीच तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे भंगारातून एकच आणून बसवला की महिन्याभरात पुन्हा तीच घरघर. शिम घालून दातांमधली मोकळीक मोजणारा आणि रंग लावून दात कुठे टेकतात ते पाहणारा मेकॅनिक जास्त मजुरी मागेल. ती द्यावी. आणि जोडी नवी असताना पहिले काहीशे किलोमीटर अर्ध्या भारानेच गाडी चालवावी, मग ऑइल एकदा बदलून घ्यावं.